टीव्हीची खोली आणि भिंतीपलीकडचे देव

अर्धी वाट सरली तरी भागिरथा बोलली नव्हती. आमच्या गावाहून डव्ह्याला नाथांच्या दर्शनाला पायी जायचं म्हटलं की एरवी तिची टकळी शीव ओलांडायच्या आधीच सुरू होते. त्या दिवशी पहाटे निघालो, तांबडं फुटलं, नाल्यावरचा पूल मागे पडला, तरी ती आपली खाली बघून झपाझप चालत होती. चपला हातात.

"घाल व त्या पायात," मी म्हटलं. "ऊन तापलं का फोड येतीन."

"येऊ दे."

"नवस बोलली का काही?"

"नवस नाही. नाथाले एक गोष्ट विचाराची हाये. चपला घालून विचाराची नाही."

मी ओळखलं, जावयासाठी सजवलेल्या खोलीचं काहीतरी बिनसलं आहे.

भागिरथा माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन एका गल्लीत आलो. तिचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. विहिरीखालच्या तुकड्यात ती सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगी लावते आणि मालेगावच्या बाजारात स्वतः बसून विकते. मोजायच्या टेपला तिनं कधी हात लावला नाही. वाफा पावलांनी मोजायचा, दोरी हातानं, आणि खाट घ्यायची तर दुकानातच तिच्यावर आडवं होऊन बघायचं. दुकानदार हसतो. ती म्हणते, "मले निजाचं हाये, तुले नाही."

एकच लेक, सायली. रिसोडला दिली. जावई दिनेशराव तसे वाईट नाहीत, पण एकदा मनात बसलं की बसलं. मागच्या दिवाळीत ते पहिल्यांदाच मुक्कामाला आले. भागिरथाच्या घरात निजायला जागा म्हणजे समोरची खोली, आणि तिच्यात छतापर्यंत सोयाबीनची पोती. पोत्यांच्या मधे खाट टाकली. उंदरांनी त्यांना डोळा लागू दिला नाही. सकाळी चहासुद्धा न घेता फटफटीला किक मारली. जाताना एवढंच म्हणाले, "मामी, यापुढं येऊ तं भेटाले येऊ. मुक्काम नाही."

तेव्हापासून सायली माहेरी आली ती सकाळच्या बसनं, आणि गेली संध्याकाळच्या. आता तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिची सासू तुळसाबाई, बाई मोठी करडी. तिनं सांगून टाकलं, "जवायाले जिथं निजाले जागा नाही, तिथं बाळंतीण अन् लेकरू कुठी ठेवतीन?" सायली फोनवर रडायची. तिला आईजवळ यायचं होतं.

अशात धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं. बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. भागिरथानं ठरवलं, जेवायला येतील ते मुक्कामाला राहिले पाहिजेत. एक रात्र नीट निजले की लेक मोकळी झाली.

सोयाबीन विकून झाली होती. तिनं खोली रिकामी केली, सारवली, चुना दिला. दिनेशरावांना क्रिकेटचं भारी वेड. म्हणून समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही. फोनवर कुठलेसे व्हिडिओ बघून ती मला बोलवायची, "वैजयंती, पाय व, ह्या लोकायनं खोलीत अंधार कसा केला." मग तिनं खिडकीला रोपांवरची जुनी हिरवी जाळी दुहेरी शिवून टांगली. वर टिनाचं छप्पर, त्यामुळे टीव्हीचा आवाज घुमायचा. तर ट्रंकेतल्या वाकळी काढून दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावल्या. लुगड्यांच्या वाकळी त्या, लाल, जांभळ्या, हिरव्या. आवाज बसला आणि खोलीला अशी काही ऊब आली की मी गमतीनं म्हटलं, "मीच येते मुक्कामाले."

"तू कायची पाहुणी? तू तं घरातलीच."

कूलर एका खिडकीत, दार दुसऱ्या अंगाला. निजण्यासाठी जगदेव सुतार सोफा-कम-बेड करून देणार होता. भागिरथानं त्याला माप दिलं ते आपल्या पद्धतीनं. सोफा येईल त्या जागी जमिनीवर लांबीला आडवी झाली, डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला. जगदेवनं खडूनं रेघ मारली. मी तिथंच होते. आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी सोफा आला होता. मी तेव्हा शेतात होते.

"काहून बोलत नाही?" न राहवून मी वाटेतच थांबले. "सोफा तुटका निघाला का?"

"तुटका असता तं बरं झालं असतं." ती वळली. डोळे सुजलेले. "वैजयंती, त्या सोफ्यावर लांबीले जवाई मावत नाही व, माप माह्या अंगाचं. तो पुढं उघडते."

"मग?"

"मग काय? पाठ दक्षिणेच्या भिंतीले. उघडला का निजणाऱ्याचे पाय सरळ टीव्हीकडं. टीव्हीच्या भिंतीमागं काय हाये?"

टीव्हीच्या भिंतीमागे तिचं देवघर. तिच्या सासूनं दिलेले कुलदैवतांचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा.

"उशी इकडची तिकडं कर," मी म्हटलं.

"मग डोकं उत्तरेले. उत्तरेले डोकं कोणाचं करतात, तुले सांगू? धोंड्याच्या जवायाले मढ्यासारखा निजवू?"

"सोफाच फिरव मग."

"एकीकडं कूलर, एकीकडं दार. बेड उघडला का दार उघडत नाही. जगदेवनं तीनदा फिरवून पाह्यला. तो म्हणे, मावशी, तुमी निजून दाखवलं तसं केलं, आता माह्यावर बोल नका ठेवू." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "हा नारायण त्या नारायणाकडं पाय करून निजीन. धोंड्याचं पुण्य लाभलं मले."

मी बोलू नये ते बोलले. "कोणाले समजते, भागिरथा? मधात भिंत हाये. दिनेशरावले तं देवघर कुठी हाये हेही ठाऊक नसीन."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"निजणाऱ्याले नाही समजत व. ज्याच्याकडं पाय, त्याले समजते."

तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. सायली. तिनं स्पीकर लावला, तिला कानाला लावून नीट ऐकू येत नाही.

"आई, आमी परवा नाही, उद्याच येऊन राह्यलो. अन् आत्याबाईही येतात संगं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, तुळसाबाई. "येऊ दे ना बापा. धोंडे उद्या करू."

पलीकडे सायलीनं आवाज बारीक केला. "खोली झाली ना व, आई? हे म्हणतात, आधी पाहीन, मग सांगीन मुक्कामाचं. अन् आत्याबाई कोणाच्याही घरी गेल्या का पहिले देवाले हात जोडतात. तुले माहीत हाये. आई, मी कपडे भरून आणू का? का नको आणू?"

रस्त्यावरून कांद्याचा टेम्पो गेला, त्याची धूळ आमच्या अंगावर बसली.

"भरून आण," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग आम्ही चालत राहिलो. माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. देव त्याच घरात दुसरीकडे बसवावेत, तर बसवायला मुहूर्त लागतो आणि धोंड्यात मुहूर्त नसतो. तशीच राहू द्यावी खोली, तर ही बाई रात्रभर देवघरात बसून माफी मागत राहील, आणि तुळसाबाईच्या ध्यानात ते आल्याशिवाय राहणार नाही. सोफा काढून खोलीतच खाट टाकावी, तर ती दिवाळीचीच खाट, दिनेशराव बघताच परत फिरतील; दुसरीकडे टाकावी, तर दुसरीकडे चूल आणि ओसरी. आणि दिनेशराव ओसरीवर निजणार नाहीत. सायली भरलेली पिशवी घेऊन येईल आणि तशीच उचलून परत जाईल.

देऊळ आलं. भागिरथानं पाय धुतले, आत गेली आणि बराच वेळ डोकं टेकून राहिली. मी मागे उभी राहून नाथांना म्हटलं, हिला काहीतरी सुचू दे. दुसरं काय मागणार?

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा सरळ झाला होता. पारावर बसलो. प्रसादाचं खोबरं तिनं दातानं फोडलं, अर्धं मला दिलं.

"काय म्हणाले नाथ?" मी विचारलं.

"ते काय म्हणतीन? मीच म्हटलं, ते आयकत होते." मग माझा हात धरला. वांग्याच्या काट्यांनी खरखरीत झालेला हात तो. "वैजयंती, पाहुणे आले का घरातलं माणूस शेजारी निजाले जाते, का नाही? माह्या दिराच्या लग्नात मी तुह्याच घरी निजली."

"निजली ना."

"देव घरातलेच हायेत."

ती कशाकडे येते आहे हे मला कळलं आणि मी हात सोडवून घेऊ पाहिला. तिच्या कुळाचे टाक माझ्या घरी? एका घरचे टाक दुसऱ्या घरात नेत नाहीत. आमचं कुलदैवत वेगळं, आमचा कुळाचार वेगळा. काही कमीजास्त झालं, तर बोट माझ्या चुलीकडे दाखवतील, तिच्या सोफ्याकडे नाही.

तिनं हात सोडला नाही.

"बसवू नको त्यायले. बसवाचं म्हणतच नाही मी. पाटावर तांदूळ टाक, वरतून माह्या सासूचं लुगडं हाथर, अन् ठेव. निवद मी आणीन, दोन्ही वेळ. ईहीनबाईनं विचारलं देव कुठी, तं मी खरं सांगीन, जवायाले जागा कराले देव शेजारी पाहुणे गेले, चला दर्शनाले. तुह्या घरी घेऊन येईन त्यायले. लपवणार नाही." ती परतीच्या वाटेकडे बघून म्हणाली, "सायलीनं पिशवी भरली असीन व आतापर्यंत. आज परत गेल्यावर, सांज व्हायच्या आत, माहे देव तुह्या घरी मुक्कामाले घेशीन का?"