गाडीत राहिलेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी घरातला गॅस संपला तरी ऑफिसात फोन करून सांगते. आज बोलते आहे. मध्येच थांबले तर थांबू द्या.

मी पाणी आणि माती तपासते. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमची लहानशी प्रयोगशाळा आहे. पाण्यात फॉस्फेट वाढलं की तलाव हिरवा होतो, मासे मरतात. ते आलं कुठून — रासायनिक खतातून की मेंढ्यांच्या लेंड्यांतून? फॉस्फेटमधला ऑक्सिजन थोडा हलका असतो, थोडा जड. त्या हलक्या-जडाचं प्रमाण मोजलं की मूळ बरंचसं कळतं. नुसतं पाण्यात पडून ते प्रमाण बदलत नाही. जिवाणूंनी फॉस्फेट खाल्लं तर मात्र जुनी खूण पुसली जाते आणि त्या पाण्याची, त्या वेळच्या उष्णतेची नवी खूण बसते. म्हणून पाणी आणलं की त्याच दिवशी गाळायचं, थंडीत ठेवायचं. हे मीच प्रयोगशाळेतल्या मुलींना शिकवते.

नातेपुत्याच्या पलीकडे एक तलाव आहे. त्या हिवाळ्यात तो हिरवा झाला होता — इतका, की काठावर उभं राहिलं तर आपण अजून झोपेत आहोत असं वाटावं. पाणी हलत नव्हतं. पलीकडे डाळिंबाच्या बागा, अलीकडे मेंढ्यांचे वाडे, मध्ये विरळ धुकं, आणि त्यातून कुठूनतरी घंटा वाजायची. बागवाले म्हणत, हे लेंड्यांमुळे. मेंढपाळ म्हणत, खतामुळे. ग्रामपंचायतीनं आम्हाला बोलावलं. आमच्या उत्तरावर काठचे वाडे राहायचे की उठायचे, ते ठरणार होतं.

हिराबाईंचा वाडा अगदी पाण्याला लागून. बागांकडचा ओढा तलावात मिळतो तिथं मी कॅन भरत होते, तर त्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “सोलापुरात नळ आला न्हाय वाटतं ह्या आठवड्यात?” मी हसले. मग त्यांनी शेळीच्या दुधाचा चहा दिला, आणि जड कॅनची एक बाजू धरून गाडीपर्यंत आल्या.

तो शनिवार होता. रविवारी भाचीचं लग्न, आणि बहीण नव्या पेठेत एका साडीसाठी ताटकळत होती. मी तिकडे गेले. दुकानात गादीवर एकामागून एक साड्या उलगडत होत्या — मोरपंखी, शेवाळी, पोपटी — पंखा वर संथ फिरत होता, आणि मला त्या कापडातही तो तलावच दिसत होता. मला आठवण होती, बरं का. विसरले असं म्हणणार नाही. प्रयोगशाळा तिथून गाडीनं दहा मिनिटांवर. पण मी दमले होते. उद्या बघू, म्हटलं. उद्या लग्न होतं. गाडी मंगल कार्यालयाबाहेर दिवसभर उन्हात, काचा बंद. सोमवारी डिकी उघडली तेव्हा कॅन हाताला कोमट लागले.

मी ते पाणी गाळलं. पुढचं सगळं काम चोख केलं — फॉस्फेट वेगळं करत करत शेवटी चांदीबरोबर त्याची पिवळी भुकटी होते, हळदीसारखी. ती बाहेरगावी मोठ्या यंत्राकडे पाठवली. आकडा आला. खताशी जुळत नव्हता. तो कुठल्या उष्णतेत घडला असेल, तेही मी मांडून पाहिलं. हिवाळ्यातला तलाव इतका गरम कधीच नसतो. उन्हातली बंद गाडी असते. म्हणजे जुनी खूण गाडीतच पुसली गेली होती.

परत जाऊन पाणी आणणं किती अवघड होतं? एका सकाळचं काम. पण का, हे सांगावं लागलं असतं. आदल्याच महिन्यात एक मुलगी नमुन्याची बाटली टेबलावर विसरली म्हणून मी तिला सगळ्यांसमोर रडवलं होतं. आता त्याच मुलींपुढे उभी राहून — नाही. नाही जमलं.

ग्रामपंचायतीत सरपंचांनी विचारलं, मी म्हणाले की खताची खूण दिसत नाही. यातला एक शब्द तरी खोटा होता का? बागवाल्यांमध्ये हलकीशी खसखस पिकली. मागे, दाराशी हिराबाई उभ्या होत्या.

“म्हंजी आमच्या मेंढरांचंच म्हना की, बाई?”

मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते. शोधता शोधता मान डोलावली.

वाडे उठले. हिराबाई वर माळावर गेल्या. तिथून पाणी लांब. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी निम्मी मेंढरं विकली असं कानावर आलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्या रस्त्यानं गेले. काठ मोकळा होता, एक मेंढरू नव्हतं, आणि पाणी तसंच हिरवंगार, निवांत. मी गाडी थांबवली नाही.

तलाव कशानं हिरवा झाला होता? खतानं असेल. लेंड्यांनीही असेल. मला माहीत नव्हतं — आजही नाही. हिराबाईंनी सरळ मलाच विचारलं होतं, आणि ‘माहीत नाही’ एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी ते म्हटलं नाही.