वळणावरचा हात

माझा धाकटा भाऊ हरीश तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलतो. म्हणजे बोलायचा. जेवताना काही सांगायला लागला की वरणाचे शिंतोडे थेट माझ्या फ्रॉकवर. वर्गात "हजर" म्हणतानासुद्धा ह्याचे दोन्ही हात हवेत आणि शेजारच्याची शाईची बाटली जमिनीवर. "हरीश, हात खाली!" हे मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आई कायम आजारी, त्यामुळे घरात ओरडायचं खातं माझ्याकडे होतं. पुढे नागपूरला तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, तेव्हा तो सराव कामाला आला.

असा हा मुलगा इंजिनियर झाला. पुण्यात नोकरी, मग पाच वर्षं नॉर्वे, मग आयर्लंड, डब्लिनजवळ चेरीवूडला ऑफिस. बायको नंदिनी तिथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. मुलगी क्षितिजा नॉर्वेत वाढली ती पायात लांब स्की बांधूनच. बर्फावरून मैलोन्‌मैल पळायची, दम लागला तरी हसायची. आयर्लंडला आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिथे बर्फ नाही. पोरीनं हट्ट सोडला नाही. सतरा वर्षांची झाली तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती, देशाच्या ज्युनियर चमूत जागा. निवड ऑगस्टमध्ये, आणि हिवाळ्यातले सगळे कॅम्प त्या निवडीवर.

मी दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि अडकले. विमानं बंद. घरात मी, घरूनच काम करणारा हरीश, आणि ही पोर. नंदिनी कोविड वॉर्डातून यायची ती गॅरेजमध्ये कपडे बदलून, आमच्याशी दारापलीकडून बोलून झोपायला जायची. 

बर्फाचा खेळ उन्हाळ्यात कसा खेळतात हे मला तिथे कळलं. रोलर स्की म्हणजे हातभर लांबीची पट्टी, पुढे-मागे एकेक चाक. दोन पायांत दोन, हातात टोकदार काठ्या. त्या रेटत चढावरून तासन्‌तास जायचं. उतारावर ब्रेक नाही. "अगा बाप्पा, मग थांबतात कसं?" मी विचारलं. क्षितिजा म्हणाली, "यू डोन्ट, आत्या." तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र त्यांच्या आयरिश इंग्रजीत.

म्हणून हरीश. त्याला स्वतःला स्कीवर धड उभंही राहता येत नाही. पण लॉकडाऊन उठल्यापासून दर शनिवारी सकाळी तो तिला डब्लिनच्या डोंगरातल्या एका अरुंद रस्त्यावर न्यायचा. आधी खराट्यानं तो उतार झाडायचा, कारण चाकाखाली चिमूटभर खडी आली तरी माणूस तोंडावर पडतो. तो खराटा मी नागपूरहून आणला होता, अंगण झाडायला! मग तो उताराच्या खाली, गल्ली येऊन मिळते त्या वळणावर उभा राहायचा. दोन्हीकडे बघायचा. रस्ता मोकळा असला की उजवा हात सरळ वर. हात दिसला की क्षितिजा वरून सुटायची. हात नाही, तर सुटायचं नाही. हा त्यांच्या क्लबच्या कोचचा, डेक्लनचा, नियम. हाताशिवाय जो सुटला तो त्या वर्षी निवडीतून बाद, मग कितीही वेगवान असो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचला होता. मी पीटीची बाई, मला तो नियम फार आवडला.

जुलैतला दुसरा शनिवार. मी गाडीत थर्मास घेऊन बसले होते, हरीश माझ्यापासून दहा पावलांवर. फोन गाडीत ठेवायचा हाही नियमच. पण त्या आठवड्यात ऑफिसात माणसं कमी करणं चाललं होतं, म्हणून फोन त्याच्या खिशातच होता, आणि साहेबाचा कॉल आला. हरीशनं कानात ते बटण घातलं, "दोन मिनिटं, ताई," म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून बोलू लागला. आवाज चढला. "नो, नो, लिसन टू मी!" आणि त्याचा उजवा हात वर गेला. सरळ. जसा लहानपणापासून जातो तसाच.

मी ओरडले. काच बंद होती.

गल्लीतून एक करडी गाडी बाहेर आली. क्षितिजानं ती पाहिली आणि स्वतःला दगडी कुंपणावर झोकून दिलं. गाडीला ती लागली नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं, कोपर सोलवटलं. आम्ही धावलो. ती पांढरीफटक पडली होती, तरी पहिलं वाक्य काय म्हणाली? "आय वेंट अर्ली, डॅड. आय्म सॉरी."

तिला वाटलं, हात आपल्याला नुसता भासला, कारण ती खाली पोचली तेव्हा तो वर नव्हता. हरीश गुडघ्यावर बसला होता. तिच्या मनगटातून काठ्या सोडवत तो म्हणाला, "असू दे गं, पिल्लू."

बस, तिथे गोष्ट बिघडली. हाड जुळतं हो. पण ते "असू दे" काही मला गिळता येईना.

क्षितिजानं त्याच संध्याकाळी डेक्लनला फोन करून सांगितलं की मी हाताशिवाय सुटले. कुणी विचारलं नव्हतं, तिनं आपणहून सांगितलं. डेक्लननं तिला निवडीतून काढलं. ती रडली नाही, "आय्म ग्रँड", म्हणजे मी बरी आहे, असं म्हणत राहिली. सरावाची एक वही असते त्या मुलांची, किती तास, कुठला चढ, सकाळची नाडी किती. त्यात ती रोज डाव्या हातानं वाकडंतिकडं एकच लिहायची: विश्रांती, माझी चूक. नऊ दिवस, नऊ वेळा. मी ते वाचलं. हरीशनंही वाचलं, कारण वही स्वयंपाकघरातल्या टेबलावरच असायची.

आणि मी? मी तरी कुठे बोलले? मला वाटलं, बापानं सांगावं, आत्यानं नाही. असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे माझा भाऊ लेकीच्या नजरेतून उतरलेला मला बघवला नसता. तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून कोपऱ्यात उभं केलं, आणि माझी वेळ आली तेव्हा मी मुकाट भाकऱ्या थापल्या.

आठव्या दिवशी मी त्याला परसात गाठलं. "काऊन गप्प आहेस तू?"

"ताई, ती माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते. तेवढंच आहे माझ्याकडे. तिचं इंग्रजी वेगळं, खेळ वेगळा, देशही वेगळाच झालाय. मी फक्त वळणावरचा माणूस आहे."

"मग वळणावर उभं राहायची लायकी ठेव," मी म्हटलं. फार लागलं त्याला. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

नवव्या दिवशी डेक्लन आला, क्लबचे रोलर स्की परत न्यायला. परसातच, लांब लांब खुर्च्या टाकून बसलो. क्षितिजानं स्की पुसून, जोडी बांधून ठेवली होती. डेक्लन उठला तशी तीही उठली आणि पुन्हा एकदा त्याची माफी मागू लागली.

"थांब," हरीश म्हणाला, इंग्रजीत, डेक्लनलाही कळावं म्हणून. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा. "तिनं हात पाहिला होता. हात मीच वर केला. फोनवर होतो. रस्ता बघितलाच नव्हता. पडली त्याच क्षणी मला कळलं होतं."

डेक्लननं उचललेली स्कीची जोडी परत खाली ठेवली. क्षितिजा बापाकडे बघत होती. मला वाटलं ती फोनबद्दल बोलेल, हाडाबद्दल बोलेल. ती मराठीत बोलली, अडखळत, एकेक शब्द शोधत. "तू मला सॉरी म्हणू दिलंस. दोनदा. तू इथे बसला होतास."

 मग तिनं माझ्याकडेही बघितलं, मीही त्या दिवशी गाडीतच होते.

डेक्लन भला माणूस. स्की ठेवून गेला, चमू निवडणाऱ्यांना पत्र लिहिलं. पण हाड जुळेपर्यंत ऑगस्टची चाचणी हुकली, नावांची यादी गेली. या वर्षी नाही, असं उत्तर आलं. तो उन्हाळा पोरीच्या हातून गेला तो गेलाच. बापलेक घरात एकमेकांशी कामापुरतं बोलत. हरीशचे हात खिशातून निघेनात. बोलायचा तेव्हा नुसतं तोंड हलायचं. माझा भाऊ मला ओळखू येईना.

सप्टेंबरच्या मध्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. माझ्या विमानाला आठ दिवस होते. क्षितिजा म्हणाली, "आत्या, तू ये. हात तू कर." गाडी हरीशनंच चालवली. उतार त्यानंच झाडला, वरपासून खालपर्यंत, मग गाडीत जाऊन बसला.

मी वळणावर उभी राहिले. दोन्हीकडे बघितलं, हात वर केला. ती आली, सणसणत गेली, पुन्हा चढून वर गेली. मी पुन्हा बघितलं, पुन्हा हात वर केला. ती सुटेना. "अगं ये ना!" मी ओरडले. तिनं काठी उचलून गाडीकडे दाखवलं.

हरीशला समजायला वेळ लागला. मग तो उतरला. गल्लीच्या तोंडाशी गेला, आत वाकून पाहिलं, परत आला, खालचा रस्ता पाहिला, पुन्हा गल्लीत गेला. तीन वेळा. शेवटी वळणावर येऊन त्यानं उजवा हात वर केला. 

क्षितिजा सुटली. आमच्यासमोरून गेली, बापाकडे न बघता, नजर समोर, आणि खालच्या झाडांआड दिसेनाशी झाली. चाकांचा आवाजही विरत गेला.

"हरीश," मी म्हटलं, "हात खाली घे आता."

त्यानं घेतला नाही. तसाच उभा राहिला, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.