आत्यांचा अबोला

नववीच्या वर्गावर होते. फोन पर्समध्ये गप्प करून ठेवलेला. तास संपल्यावर पाहिलं, तर यांचे सात कॉल येऊन गेले होते. एवढे कॉल कशासाठी येतात हे कुणी सांगावं लागत नाही. नगरच्या दवाखान्यातून यांचा आवाज आला, "आई गेली गं." सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो आत्यांचा नव्हताच. घरी देव पारोसे आहेत, हा होता. त्याच दिवशी सकाळी सातला आत्यांनी फोनवर विचारलं होतं, देवांना आंघोळ घातली का, आणि मी हो म्हणाले होते. घातली नव्हती. माझा डबा व्हायचा होता, शाळेची वेळ झाली होती, संध्याकाळी घालू म्हटलं. या गोष्टीला आता दोन महिने होत आले, तरी सकाळचे सात वाजले की हात फोनकडे जातो.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. कोपरगावजवळ साखर कारखान्याच्या वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरात फ्रीजच्या शेजारी लाकडी देव्हारा पाहिला. खंडोबाचा आणि देवीचा असे दोन चांदीचे टाक, एक रांगता बाळकृष्ण, बस्स. आत्या पहाटे उठून त्यांना आंघोळ घालायच्या, जुन्या मऊ फडक्यानं पुसायच्या, खंडोबाला भंडारा, देवीला कुंकू, फूल, दूध-साखरेची वाटी... आणि उठायच्या. हात जोडायच्या नाहीत. ओठ हलायचे नाहीत. वाटीसुद्धा जराशी आपटूनच ठेवायच्या. मी विज्ञान शिकवणारी, देवाधर्मात कच्ची. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, म्हातारी आपल्यातलीच दिसते, नुसतं वहिवाट म्हणून करते. पण वहिवाट म्हणून करणारा माणूस कधीतरी चुकतो, कंटाळतो, ताप आला की सोडून देतो. आत्या तापातही भिंत धरून उठायच्या. चार-सहा महिन्यांनी धीर करून मी विचारलंच, की एवढं सगळं करता, मग नमस्कार का नाही करत?

त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आमचा अबोला हाय."

त्या दिवशी मला नंदाबद्दल पहिल्यांदा नीट कळलं. नंदा यांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. आत्यांनी खंडोबाला नवस बोलला, वर्षभर पायांत चप्पल घातली नाही, रविवारी पाण्याच्या घोटावर राहिल्या. त्यांच्या बाजूनं तसूभरही कमी पडू दिलं नाही. तरी पोरगी गेली. तिचं सुतक फिटलं त्या दिवशी आत्यांनी देवांना आंघोळ घातली, आणि तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

"मग पूजा तरी कशाला करायची?" मी विचारलं. प्रश्न मला फार बिनतोड वाटला होता.

"तुमचं भांडान झालं तर तू इलासला उपाशी ठिवती का?"

नव्हते ठेवत. आमच्या भांडणात मी तीन-तीन दिवस यांच्याशी बोलत नसे, पण ताट वेळेवर असायचं. फक्त जरा आपटून. आत्यांनी भाकर तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "आपल्याकडनं कमी पडलं की भांडायचा हक जातो, बाई."

मी हे शाळेत मैत्रिणींना हसून सांगितलं होतं. देवाशी अबोला, म्हणजे कमालच. पण एक दिवस हसण्यावारी नेता आलं नाही. वसाहतीत कुणाकडे तरी प्रवचन होतं, आत्या शेजारणीबरोबर गेल्या. महाराज म्हणाले, भाव नसेल तर पूजा म्हणजे दगड धुणं, ते पाणी वाया. आत्या घरी आल्या. जेवल्या नाहीत. मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "खरं असंल का गं त्ये? एवढी वर्सं वाया गेली असतील माजी?" या बाईनं आयुष्यात मला कधी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते हे. मी वह्या तपासत होते. मास्तरीण ना मी... म्हणाले, तसं बघितलं तर महाराजांचं बरोबरच आहे, मनात काही नसेल तर त्याला अर्थ काय? त्यांनी मान हलवली आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तांब्या वाजला. पण मी अंथरुणातून ऐकत होते, बराच वेळ पाण्याचा आवाजच येत नव्हता. आज वाटतं, तेव्हाच उठून जायला हवं होतं, सांगायला हवं होतं की मला यातलं काही कळत नाही. मी कूस बदलली.

शेवटच्या आजारात हे रजा काढून नगरला त्यांच्यापाशी राहिले, मी शाळा आणि घर बघत होते. रोज सकाळी फोन यायचा. तब्येतीचं विचारलं तर उत्तर नाही, देवांची आंघोळ मात्र विचारणार. मीही घालत होते, नळाखाली धरून, जमेल तशी. त्या दिवशी तेवढं राहिलं.

"आंगूळ घातली का देवांला?"

"हो, घातली."

"हात जोडले?"

हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी पुन्हा हो म्हणाले. त्यांना धाप लागत होती.

"माझ्या नावानं न्हाई ना जोडले?"

"नाही, आत्या."

"बरं केलंस. माझं मी बगीन... समोरासमोर."

तेच शेवटचं बोलणं. चार तासांनी त्या गेल्या.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला, आणि आमची माणसं मागं सरायच्या आत कावळा शिवला. सगळे खूश. म्हातारीचं काही राहिलं नव्हतं, सुटली, असं जो तो म्हणू लागला. मला मात्र ते पटेना. इतकी वर्षं एक दिवस न चुकता ज्यांनी आपली बाजू सांभाळली, त्या निघाल्या नेमक्या पारोशा देवांना मागं ठेवून. समोरासमोर उभ्या राहिल्यावर देवानं तेवढंच काढलं तर? आज माझी आंघोळ कुठे होती, म्हणाला तर? ज्याच्या असण्यावर माझा विश्वास नाही, तो काय म्हणेल या भीतीनं मी घाटावर उभी होते. कुणाला सांगणार?

सुतकात देवांना हात लावायचा नसतो. तेरा दिवस ते तसेच राहिले, आणि मी फ्रीज उघडताना तिकडे बघायचं टाळत राहिले. चौदाव्या दिवशी हे म्हणाले, तुझा विश्वास नाही, मी करत जाईन. मी नको म्हटलं. टाक काळवंडले होते. आत्यांच्या त्याच फडक्यानं पुसले, भंडारा लावला, कुंकू लावलं, फूल ठेवलं. वाटी ठेवली ती नकळत आपटूनच. आणि माझ्याच कानांना माझा आवाज ऐकू आला, "त्या दिवशीची आंघोळ माझ्याकडून राहिली. आत्यांकडून नाही. त्यांना काही बोलू नका."

बाहेरून यांनी विचारलं, "कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी नाही," मी म्हणाले. खोटं बोलायची सवयच लागली आहे मला. मग वाटी उचलली आणि पुन्हा ठेवली, या वेळी आवाज न करता.