बाटलीबाईची साक्ष

नाल्यांचं पाणी बाटल्यांत भरून सरकारी प्रयोगशाळेत पोचवायचं, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. कारखान्यांचे पहारेकरी तिला ‘बाटलीबाई’ म्हणायचे. तीही ठेवून द्यायची, “बाटली माझ्या हातात, झिंग मात्र तुम्हाला!”

चामड्याच्या कारखान्यामागच्या वस्तीत मुलांच्या अंगावर फोड उठू लागले, तेव्हा विहिरीचे आणि सांडपाण्याचे नमुने तिनेच घेतले. त्याच कारखान्यात तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा कामाला होता.

प्रकरण पर्यावरणाच्या खास न्यायालयात गेलं. साक्षीच्या आदल्या दिवशी धाकटी आली. चहाला हात न लावता म्हणाली, “ताई, आठवत नाही म्हण. एवढंच.”

“कागदावर सही माझी आहे गं.”

“मग आमच्या चुलीत पाणी ओत आणि मोकळी हो.”

न्यायालयात कारखान्याच्या वकिलाने तिला बरोबर कोंडीत पकडलं. “नमुने प्रयोगशाळेत नेताना गाडी वाटेत बंद पडली. तुम्ही पाच तास उशिरा पोचलात. नमुने थंड ठेवणारा पेटीतला बर्फ वितळला होता ना?”

नाही म्हटलं असतं, तर कोण बघायला आलं होतं?

“वितळला होता,” ती म्हणाली.

वकील मिशीतल्या मिशीत हसत खाली बसला. वस्तीतल्या बायकांनी कपाळाला हात लावला. आपणच सगळ्यावर बोळा फिरवला, असं तिला वाटलं.

पण तिथे न्यायाधीशांशेजारी रसायनशास्त्र जाणणाऱ्या एक सदस्याही बसत. त्यांनी विचारलं, “बाटलीत आम्ल घातलं होतं?”

“हो, नमुना घेतला तिथेच. झाकणावर मोहोरही लावली.”

“मग वकीलसाहेब, बर्फ वितळल्याने बाकीचे आकडे बिघडले असतील, ते सोडून देऊ. पण चामडं कमावताना वापरतात ते क्रोमियम धातू आहे, आणि आम्लात ते जसंच्या तसं टिकतं. तो काही उन्हाने वाढत नाही.”

तीन महिन्यांनी निकाल लागला. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसेपर्यंत कारखाना बंद, आणि तोवर वस्तीला टँकरने पाणी. धाकटीचा नवरा काम शोधायला परगावी गेला.

ती बहिणीकडे गेली. धाकटीने दार अर्धंच उघडलं.

“तू खोटं बोलली नाहीस, ते बरंच केलंस ताई. पण आत ये म्हणायला जीभ रेटत नाही.”

दार लागलं. ती जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यामागच्या वस्तीतल्या विहिरीचे नमुने पुन्हा घ्यायचे होते.