गार वाफ

टेबलावरच्या पांढऱ्या डब्यातून वाफेची बारीक रेघ वर जाते आणि वीतभरातच नाहीशी होते. हवेत ओलावा सोडणारं हे यंत्र मुलीने पाठवलंय, कारण तिच्या आईचा कोरडा खोकला तीन आठवडे हटत नाहीये. ते फोनला जोडण्यात माझी सकाळ गेली. अर्धा वेळ मी फोन शेजाऱ्यांच्या टीव्हीलाच जोडत होतो.

वाफ दिसताच मला चेव आला. आमच्याकडे वाफ म्हणजे वाफारा. बायकोला समोर बसवून मी तिच्या डोक्यावरून टॉवेल टाकला.

"घे, खोल श्वास घे."

टॉवेलमधून आवाज आला, "अहो, ही गार आहे! भाजीवाल्यासारखं पाणी काय मारताय? मी काय कोथिंबिरीची जुडी आहे?"

ती हसली आणि हसण्याचाच खोकला झाला. तो काही थांबेना. औषधं झाली, काढे झाले, आता यंत्रही झालं. दुसऱ्याच्या छातीत काही आपल्याला शिरता येत नाही. माणूस फार तर टॉवेलचं टोक धरून उभा राहतो.

"सोडा आता," ती म्हणाली.

मला सोडवेना. मग मीच टॉवेलखाली शिरलो. आत खरंच गार होतं.