‘को’ नावाची खेळाडू

मालतीकाकूंच्या गळ्यात कायम एक शिट्टी असायची आणि ती वाजवायची नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आल्यावर पहिल्याच मॅचला त्यांनी ती वाजवली आणि मैदानावरच्या सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या. अंपायर तरातरा आला, तर काकूंनी त्यालाच सुनावलं की ती लाल टीशर्टवाली पाठीत ढकलत होती, तुमचं लक्ष कुठे होतं? सगळं शुद्ध मराठीत. बिचारा ‘सॉरी मॅम’ म्हणून परत गेला.

मी त्यांची शेजारीण. त्यांचा मुलगा निखिल आणि मी एकाच कार कंपनीत. काकूंनी सांगलीला मुलींच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवलेली, निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या. बाकीच्यांच्या आया इथे आल्या की फ्रीझर पुरणपोळ्यांनी भरतात. ह्या बाईंनी आल्याआल्या सुनेचे चिखलाचे बूट धुऊन बाल्कनीत वाळत ठेवले.

सून गौरी, पुण्याची, आयटीतली. ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन मैत्रिणीने तिला त्यांच्याकडच्या फुटबॉलचा नाद लावला होता. लांबट चेंडू, भलंथोरलं लंबगोल मैदान. चेंडू हाताने फेकायचा नाही. लाथेने उडवायचा, नाहीतर मुठीने ठोसून दुसरीला द्यायचा. चेंडूसकट पकडली गेलीस आणि तो लगेच सोडला नाहीस, की गेला समोरच्यांकडे. मला हे समजायला तीन मॅचेस लागल्या. काकूंना दहा मिनिटं पुरली.

गौरीचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. चेंडू हातात आला की मागे आपलं कोण मोकळं आहे ते तिला दिसायचं नाही. काकू बुधवारच्या प्रॅक्टिसला गेल्या, सगळ्या टीमला रांगेत उकिडवं बसवलं आणि खो-खो शिकवला. मागे मोकळी असलीस तर ‘खो’ ओरड. ऐकणारीने मागे न बघता आवाजाकडे चेंडू ठोसायचा. त्या मुलींच्या तोंडात ‘खो’ काही केल्या बसेना, त्याचं झालं ‘को’. पुढच्या मॅचला समोरचे पाठीराखे हैराण! एक टोपीवाले आजोबा माझ्याकडे येऊन विचारायला लागले, “हू इज को?” तिचा नंबर कुठला, आणि त्यांच्या पोरी तिला अडवत का नाहीत, हे त्यांना हवं होतं. ती सगळीकडे असते, एवढंच मी सांगितलं. काकूंना भाषांतर करून सांगितलं, तर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मग जूनमध्ये गौरीचा खांदा निखळला. हात महिनाभर गळ्यात. निखिल आधीच ह्या खेळावर खार खाऊन होता, आता त्याला निमित्तच मिळालं. सीझनची शेवटची मॅच खेळायला डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा मी त्यांच्याकडेच जेवायला होते. तो म्हणाला, “ओके, ही एक खेळ. मग कायमचं बंद. इनफ, यार.” गौरी भात कालवत राहिली. काकूंनी नुसती आमटी वाढली. मला त्यांचा रागच आला. एरवी अंपायरला झापणारी बाई घरात मूग गिळून बसली होती.

त्या मॅचला निखिल पहिल्यांदाच आला, तोंड पाडून. शेवटच्या क्वार्टरमध्ये गौरी चेंडूकडे झेपावली, दोघी तिच्यावर आदळल्या आणि ती त्याच खांद्यावर पडली. उठेना. आमच्या बाजूचा आरडाओरडा एकदम बंद झाला. निखिल धावत सुटणार, तोच काकूंनी त्याचं जॅकेट धरलं.

“थांब. माझ्या शाळेत एक सुरेखा होती. तिच्यासारखी पळणारी जिल्ह्यात नव्हती. पाय मोडला, तिच्या वडिलांनी खेळ बंद केला, आणि मला विचारलं तेव्हा मीही हो म्हटलं. पाय दोन महिन्यांत बरा झाला रे. ती परत मैदानावर आली नाही.” त्यांना दम लागला होता. “गौरीला सोडायचं असेल तर ती सोडेल. तिला कुणी विचारलंय का? तू नाही. मीसुद्धा नाही.”

जॅकेट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. गौरी आधी कुशीवर वळली, मग गुडघ्यावर आली, मग उठली. बदली खेळाडूला तिने हातानेच परत पाठवलं. मॅच आम्ही चार गुणांनी हरलो. पुढच्याच आठवड्यात काकू सांगलीला परतल्या.

ह्या मे महिन्यात, एका शनिवारी सकाळी, त्या गेल्याचा फोन आला. हृदयविकाराचा झटका. मी चहाचा थर्मास घेऊन शेजारी गेले. गौरी दाराशी खाली बसून बुटांच्या नाड्या बांधत होती, डोळे सुजलेले. त्या दिवशी मॅच आहे हे मी विसरूनच गेले होते. मी निखिलला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, कॅन्सल करा, मी टीमला कळवते.

“फ्लाइट संध्याकाळची आहे. त्याआधी मिळालीच नाही,” तो म्हणाला. “मॅच अकराला.”

“तू सांगितलंस तिला खेळायला?”

“नाही. मी फक्त विचारलं. ती हो म्हणाली.”

त्याने तिची बॅग उचलली, आणि आम्ही तिघं निघालो.