सुजाताताईंच्या टेबलावरचं युद्ध

सुजाताताई गेल्याचं प्रशांतने फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसातून ट्रेनने हार्लेमला घरी परतत होतो. डब्यात समोर बसलेला माणूस मोबाइलवर ड्रोन पाडल्याची बातमी पाहत होता. खरं सांगतो, मनात आधी दुःख नाही आलं, भीती आली. आता हे सगळं आपल्याला कोण समजावणार... काही आठवडे उलटले, भीती आहे तिथेच आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

ताई वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या. इतिहासात संशोधन करायला नेदरलँड्समध्ये आल्या आणि नवऱ्याबरोबर, म्हणजे प्रशांतबरोबर, हेगला खेटून असलेल्या फोरबर्गमध्ये राहिल्या. त्यांचा सगळा अभ्यास १९१४ सालच्या उन्हाळ्याचा. सारायेव्होत एक राजपुत्र मारला गेला आणि महिना-सव्वा महिन्यात अख्खा युरोप एकमेकांवर तुटून पडला, तो कसा, एवढंच त्यांना शोधायचं होतं. आमची ओळख इथल्या आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात झाली. त्यांचं भाषण होतं आणि मी प्रोजेक्टर सांभाळत होतो. भाषण संपल्यावर मी म्हणालो, "आम्हाला शाळेत हा 'कारणे द्या'चा प्रश्न होता." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी जेवायला ये. कारणं देऊ नकोस, बनून बघ."

बनून बघणं म्हणजे काय ते त्या रविवारी कळलं. आधी जेवण. बाकीच्यांना सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी, माझ्यासारख्या पुणेरी शाकाहाऱ्याला मटकीची उसळ आणि वर चार टोमणे. ताटं उचलली की ताई प्रत्येकाला एकेक देश द्यायच्या आणि कानात सांगायच्या, तू कुणाला कसला शब्द दिला आहेस. ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, सर्बियाच्या पाठीशी रशिया, रशियाच्या पाठीशी फ्रान्स, आणि बेल्जियमला हात लावाल तर ब्रिटन. चहा होईपर्यंत युद्ध टाळायचं, एवढाच खेळ. पुढे काय झालं होतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी इतक्या वर्षांत एकदाही ते टळलं नाही. कुणी वाईट नसायचं. जो तो आपला शब्द पाळायचा, आणि मागे फिरलो तर हे लोक हसतील, या लाजेने आणखी एक पाऊल पुढे टाकायचा.

मी बहुतेकदा जर्मनी असायचो. माझं काम रेल्वेच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरचं, त्यामुळे सैन्य गाड्यांनी सीमेवर न्यायचा भाग मला भलताच आवडायचा. एकदा रशिया झालेला प्रशांत खरोखर नमला होता. म्हणाला, थांबतो, बोलू या. मी ऐटीत सांगितलं, "आता नाही. गाड्या सुटल्यात. मध्येच बदल केला तर सगळं कोसळेल." ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या वेळी मी हेच वाक्य बोलतो आणि सगळे मान डोलावतात. ताईंनी हातातला कप खाली ठेवला. "नितीन, हे तू ठरवलंस की वेळापत्रकाने?" मी प्रशांतकडे बघितलं. "तेव्हाच्या जर्मन सेनापतींनीही राजाला असंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण मला ती तशी नेता आली नाही.

मग खेळ घरात आला. व्हिसाच्या रांगा नकोत म्हणून आम्ही हौसेने डच पासपोर्ट घेतला होता. मुलगी इरा सतरा वर्षांची झाली आणि तिच्या नावाने सरकारी पत्र आलं, सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तुमची नोंद झाली आहे. सध्या कुणाला बोलावत नाहीत, असंही त्यात होतं, पण माझी बायको ते वाचून खुर्चीत बसलीच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. अठरा पूर्ण झाल्यावर इराने त्यावरही कडी केली. तिला सैन्यात स्वतःहून एक वर्ष जायचं होतं. मी समजावलं, चिडलो, शेवटी ताईंना फोन केला. "तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल."

तोवर ताईंचा आजार हाताबाहेर गेला होता. दिवाणखान्यातच पलंग मांडला होता, हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, घरी येऊन बघून जायचा. इरा त्यांच्याजवळ बसली. मला वाटलं, आता ताई खंदकांचं, विषारी वायूचं काहीतरी सांगतील. पण त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, अभ्यास केला की भीती जाते. वाढते गं. तेव्हाच्या आयांनाही वाटलं होतं, पोरं नाताळच्या सणाला घरी येतील."

"मावशी, सो आय शुडन्ट गो?"

"ते मी नाही सांगणार. पण ज्याला शब्द देशील ना, त्याने आधी कुणाकुणाला शब्द दिलाय ते विचार. कुणी विचारतच नाही."

परतताना मी ताईंवर रागावलो होतो. इरा खिडकीबाहेर बघत होती.

ताई गेल्यावर दुसऱ्या रविवारी प्रशांतने सगळ्यांना बोलावलं. स्वयंपाक त्याने केला, चटणी खारट झाली, तरी सगळ्यांनी मागून मागून घेतली. मग कुणीतरी म्हणालं, खेळू या, त्यांना आवडलं असतं. इरा पहिल्यांदाच खेळायला बसली, ती रशिया झाली. मी जर्मनीच. पण कुणात जोरच नव्हता. ऑस्ट्रियाने धमकी दिली आणि स्वतःच म्हणाला, जाऊ दे, आणखी आठवडाभर थांबू. मी गाड्या सोडल्याच नाहीत. कुणी हसलं नाही, कुणाला लाज वाटली नाही. चहा आला आणि आमच्या लक्षात आलं, युद्ध झालंच नाही. प्रशांत उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून रडला.

इरा टेबलाकडे बघत राहिली. मग माझ्याशी सहसा मराठी न बोलणारी ती मराठीत म्हणाली, "बाबा, म्हणजे आधी कुणीतरी मरायलाच लागतं का?"

मी तिला जवळ घेतलं. सैन्यातली तिची मुलाखत येत्या मंगळवारी आहे, आणि ती जाणार आहे.